पेरणीची तारीख थंबनेलवर ठरू नये

मा. संपादक,
स. न.

खरीप तोंडावर आला आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो. जुलैत लिहिलं तर त्याचा कुणाला उपयोग नाही. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं विकतो. जूनमध्ये मुख्य धंदा सोयाबीनच्या बियाण्याचा. दुबार पेरणी झाली की तोच शेतकरी दुसऱ्यांदा बॅग न्यायला माझ्याच दुकानात येतो, म्हणजे धंद्याच्या हिशेबानं माझा तोटा काहीच नाही. तरी सांगावंसं वाटतं की आमच्या भागात पेरणी कधी करायची हे आता रानातली ओल बघून ठरत नाही. सकाळी मोबाइल उघडल्यावर सगळ्यांत वर कोणत्या व्हिडिओचं थंबनेल, म्हणजे उघडण्याआधी दिसणारं चित्र, आलं त्यावर ठरू लागलं आहे. खोटे अंदाज सांगणाऱ्यांवर अधूनमधून टीका होते. पण तो व्हिडिओ वर आणतं कोण आणि कशाच्या आधारावर, यावर कुणी बोलत नाही.

गेल्या वर्षीचं आठवा. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आला, २००९ नंतर एवढ्या लवकर तो कधी आला नव्हता. २६ मे रोजी मुंबईत पोचला, तेही नोंदींतलं सर्वांत लवकरचं आगमन ठरलं. आमच्याकडं मे महिन्यातच रानात पाणी साचलं. त्यानंतर महिनाअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सूनची वाटचाल थांबली. कृषी विभाग सांगत होता, घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय, म्हणजे रान पेरणीजोगं ओलसर पण मोकळं झाल्याशिवाय, पेरू नका. त्याच दिवसांत मोबाइलवर मात्र विजांचे फोटो, लाल-पिवळ्या पट्ट्या आणि 'येत्या ४८ तासांत' हीच अक्षरं होती. 'आता पेरलं नाही तर नंतर पाऊस रानात शिरू देणार नाही,' असं म्हणत माणसं बॅगा घेऊन गेली.

सोयाबीनचं बी नाजूक असतं. वरचं साल पातळ, आणि पेरायचं तीन-चार सेंटिमीटरवर. त्याहून खोल गेलं तर कोंब वर येत नाही. त्यामुळं ऊन तापलं की सगळ्यांत आधी ओल उडते ती नेमकी बियाण्याच्या थरातली. बी फुगतं, कोंब निघतो आणि तिथंच वाळतो. शेतकरी मातीत बोट घालून ते बी काढतो, तळहातावर घेऊन दुकानात येतो आणि विचारतो, "मालक, बियाणं बोगस होतं का?" बियाणं ठीक असतं. पण एकरी एक बॅग, कंपनीप्रमाणं अडीच-तीन हजारांच्या आसपास, त्यावर १३५० रुपयांचं डीएपी खताचं पोतं, वर ट्रॅक्टरचं भाडं, एवढं सगळं मातीत गेलेलं असतं. त्यातलं निम्मं उधारीवर घेतलेलं असतं.

काउंटरवर घडलेली एक गोष्ट सांगतो. एकाच गावचे दोघं चुलतभाऊ, बांधाला बांध लागून रान. थोरल्याची जमीन नाल्याकडेची, मागं एकदा पुरानं बांधासकट माती वाहून नेलेली. धाकट्याची माळावर, उन्हाळ्यात बोअर आटलेला. दोघं एकाच दुपारी दुकानात आले. थोरल्याला घाईनं पेरायचं होतं, कारण त्याच्या मोबाइलवर पुढच्या आठवड्यात अतिवृष्टी होती. धाकटा म्हणत होता, थांबू, पावसाचा मोठा खंड आहे. मी दोघांचे मोबाइल काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एकाच ॲपचं पहिलं पान, पण एकावर खालपर्यंत पूर, ढगफुटी, धरणाचे दरवाजे; दुसऱ्यावर खंड, दुष्काळ, एल निनो. आणि दोघंही मला एकच वाक्य म्हणाले, "सगळीकडं हेच सांगायलेत की."

या 'सगळीकडं' मध्येच खरी गफलत आहे. आपलं वर्तमानपत्र गावात आलं की पारावर बसलेल्या सगळ्यांना पहिलं पान एकच दिसतं. मोबाइलचंही तसंच असणार, असं माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात ते पान प्रत्येकासाठी वेगळं लावलेलं असतं, आणि लावणाऱ्याला त्याच्या रानाची काही माहिती नसते. या माणसाचा अंगठा आधी कुठं थांबला होता, एवढंच त्याला माहीत असतं. पुराची धास्ती असलेला माणूस पुराचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. त्याला तो आवडतो म्हणून नाही, भीती वाटते म्हणून बघतो. पण मोजणाऱ्या यंत्राला भीती आणि आवड यांतला फरक कळत नाही. ते समजतं, याला हेच पाहिजे, आणि तेच आणखी वाढतं. शहरातले काही जण म्हणतात, शेतकऱ्यांना अक्कल नाही, काहीही बघतात. मला याचा राग येतो. ज्याचं वर्षभराचं पोट एका पावसावर आहे तो पावसाचे व्हिडिओ बघणारच. त्याच्या काळजीचा असा वापर होतो, ही त्याची चूक कशी?

हे कसं चालतं ते मी वेळ काढून वाचलं आहे, कारण रोज त्याचाच परिणाम माझ्या काउंटरवर येतो. कोणता व्हिडिओ पुढं करायचा हे ठरवताना यूट्यूब आधी व्हिडिओ किती जणांनी उघडला याला महत्त्व देत होतं. २०१२ पासून तो किती वेळ बघितला गेला याला महत्त्व आलं. २०१६ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात दोन टप्पे सांगितले आहेत. आधी लाखो व्हिडिओंमधून तुमच्यासाठी काहीशे वेगळे काढायचे, मग त्यांचा क्रम लावायचा, आणि क्रम लावताना हा माणूस हा व्हिडिओ अंदाजे किती वेळ बघेल त्याचं गणित करायचं. २०१८ मध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानंच सांगितलं की यूट्यूबवर लोक जेवढा वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ हा शिफारशीतून समोर आलेल्या व्हिडिओंवर जातो. पुढं कंपनीनं हेही सांगितलं की आम्ही फक्त वेळ मोजत नाही. लाइक, शेअर, 'यात रस नाही' हे बटण, बघणाऱ्यांना विचारलेले प्रश्न, हे सगळं धरतो. मान्य. पण ही पूर्ण यादी वाचून पाहा. सांगितलेला पाऊस पडला का, हा प्रश्न त्यात कुठंही नाही. दहा वेळा चुकलेला अंदाज शेवटपर्यंत बघितला गेला, तर अकराव्या वेळी तो आणखी वर येतो.

याचा परिणाम नुसता बघणाऱ्यावर होत नाही, व्हिडिओ करणाऱ्यावरही होतो. शेजारच्या तालुक्यातला एक बीएस्सी ॲग्री झालेला पोरगा हवामानाचं चॅनेल चालवतो. पोरगा हुशार आहे, हवामान विभागाचे नकाशे वाचता येतात त्याला. सुरुवातीला तो 'पुढील पाच दिवस पावसाची शक्यता कमी' अशी सरळ शीर्षकं द्यायचा. ते व्हिडिओ पडून राहायचे. तीच माहिती 'सावधान' लिहून दिली की चालायची. २०२४ पासून यूट्यूबनं एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून बघायची सोय दिली आहे. ज्या चित्रामुळं व्हिडिओ जास्त वेळ बघितला जातो, ते पुढं कायम ठेवलं जातं. तो मला म्हणाला, "काका, आधी मी तीन वेगवेगळी लावायचो, एक साधं, दोन भडक. साधं कधीच जिंकलं नाही. आता मी साधं बनवतच नाही." त्या पोराला फसवायचं नव्हतं. घर चालवायचं होतं, आणि कशानं चालतं ते त्याला यंत्रानं रोज थोडं थोडं शिकवलं. खासगी अंदाज देणारे सगळेच भोंदू आहेत असं मी म्हणत नाही, काही जण मनापासून अभ्यास करतात. पण या व्यवस्थेत जो जपून बोलतो तो मागं पडतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मी दुकानात काय ठेवतो, तेही आता यातूनच ठरतं. शेतकरी हातात स्क्रीनशॉट घेऊन येतो, "हे टॉनिक द्या." फुलगळ का होते आहे, पाणी जास्त झालं की कमी, याचं बोलणंच होत नाही. कंपन्यांचे प्रतिनिधी आधी विचारायचे, तुमच्याकडं कीड कोणती आहे? आता विचारतात, तुमच्याकडं कोणता व्हिडिओ चालू आहे?

आता माझ्या धंद्याला लागू असलेले नियम बघा. बियाणं विकायला मला परवाना लागतो. १९६६ चा बियाणे कायदा आहे, १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आहे. खताला १९८५ चा आदेश, औषधाला १९६८ चा कायदा. दुकानात दर आणि साठ्याचा फलक लावावा लागतो, पक्की पावती द्यावी लागते. बॅगेवरच्या टॅगवर लॉट नंबर असतो, उगवणक्षमता असते, चाचणीची तारीख असते आणि बियाणं कधीपर्यंत वापरायचं तेही असतं. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते प्रमाणित बियाणं म्हणून विकता येत नाही. मुदत संपलेली बॅग फळीवर सापडली तर निरीक्षक विक्री बंद करतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या अंदाजानं ती बॅग शेतकऱ्याला मातीत घालायला लावली त्या अंदाजावर तारीख नाही, मुदत नाही, तो कोणत्या महसूल मंडळासाठी आहे ते नाही, आणि चुकला तर विचारायला पत्ता नाही. 'येत्या ४८ तासांत' म्हणणारा गेल्या वर्षीचा व्हिडिओ यंदाच्या जूनमध्ये माणसांच्या मोबाइलवर येतो. मी स्वतः ग्राहकांना त्याखालची व्हिडिओ टाकल्याची तारीख दाखवून दिली आहे. मुदत संपलेलं बियाणं पुढं करणं गुन्हा आहे. मुदत संपलेला अंदाज लाखो लोकांपुढं करण्याला अजून आपल्याकडं काही नावच नाही.

आणि फटका फक्त पेरणीला बसत नाही. तासाभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस छोट्याशा भागात कोसळला तर त्याला ढगफुटी म्हणतात. आमच्याकडं मे महिन्यापासून दर दोन दिवसाला मोबाइलवर ढगफुटी होत होती. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मराठवाड्यावर खरंच आभाळ फाटलं. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, शेजारचं सोलापूर, सगळीकडं पाणी. हवामान विभागाचे इशारे होते. पण आमच्या नदीकाठच्या गावांत मी लोकांना म्हणताना ऐकलं, "हे तर रोजचंच हाय." काढून लावलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून गेल्या, मोटारी गेल्या, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली. राज्य सरकारला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. एवढा पाऊस कुणालाच अडवता आला नसता. पण इशाऱ्यावर लोकांचा विश्वास असता तर गंजीवरचं सोयाबीन आदल्या दिवशी हलवता आलं असतं, जनावरं सोडता आली असती. हा विश्वास चार महिने आधीपासून पोखरला जात होता.

सरकारी माहिती मुळातच नाही, अशी तक्रार मी करणार नाही. ती आहे आणि चांगली आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो आणि कोणत्या पिकात काय करायचं तेही असतं. हवामानाचा अंदाज आणि शेतीचा सल्ला देणारं सरकारी मेघदूत ॲप आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज देण्याची सुरुवात झाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली सहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत अंदाज देणारी प्रणाली २६ मे २०२५ रोजी देशाला मिळाली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, त्याला ५०० कोटी रुपये ठेवले. आणि याच काळात, २०२४ च्या सुरुवातीला, कृषी विज्ञान केंद्रांमधली देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली गेली. तिथला माणूस शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या तालुक्यासाठी सल्ला द्यायचा. अंदाज दिवसेंदिवस बारीक होत गेला आणि तो समजावून सांगणारा माणूस मात्र निघून गेला. राहिलेली जागा मोबाइलनं घेतली. सरकारी अंदाज आपण शोधत जायचा असतो, दुसरा अंदाज आपण झोपेतून उठायच्या आत येऊन बसलेला असतो.

सरकारी अंदाजात एक गोष्ट असते जी व्हिडिओत हमखास गळते. हवामान विभाग 'तुरळक ठिकाणी' म्हणतो तेव्हा त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, असा त्याचा ठरलेला हिशेब असतो. 'काही ठिकाणी' म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ७५ पर्यंत. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज अगदी खरा ठरला तरी चारातल्या तीन गावांत थेंबही पडला नाही असं होऊ शकतं. पेरणारा माणूस हे कळलं तर थांबतो. 'मराठवाड्यात धो-धो' एवढंच कळलं तर पेरतो.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांनी हवामानाच्या अंदाजाला मुदत लावावी. पाच दिवसांचा अंदाज असेल तर सहाव्या दिवसापासून त्याची शिफारस बंद झाली पाहिजे. व्हिडिओ काढून टाका असं मी म्हणत नाही, तो स्वतःहून पुढं करू नका एवढंच म्हणतो. २०२० मध्ये कोविडवरच्या व्हिडिओखाली अधिकृत माहितीची पट्टी याच यूट्यूबनं लावली होती. मराठीत पाऊस शोधणाऱ्याला त्याच्या जिल्ह्याचा हवामान विभागाचा इशारा आणि रंग तसाच वर दाखवणं त्यांना अवघड नाही. युरोपात २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना कायद्यानं अशी सोय द्यावी लागते की बघणाऱ्यानं ठरवलं तर त्याच्या सवयींवर आधारलेल्या शिफारशी बंद होतील. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती सोय का नको? कायदा करणाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर त्यांनी हा मुद्दा जरूर उचलावा.

राज्य सरकारला एवढंच सांगणं आहे की ५०० कोटींमधला थोडा पैसा माणसांवर खर्च करा. जिल्हा हवामान केंद्रं पुन्हा पूर्ण ताकदीनं चालवा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी त्या गावाचा अंदाज खडूनं लिहिला जाईल, एवढी जबाबदारी कुणाची तरी ठरवून द्या. फळा सगळ्यांना एकच दिसतो, आणि उद्या तो पुसला जातो.

मी माझ्या दुकानात हे सुरू केलं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीचा सल्ला काउंटरसमोरच्या पाटीवर लिहितो, तारखेसकट. ज्याला पाहिजे त्याच्या मोबाइलवर यूट्यूबची बघितल्याची नोंद पुसून बंद करून देतो. २०२३ पासून अशी नोंद बंद असली की पहिलं पान रिकामं येतं, आणि माणूस त्याला हवं ते स्वतः शोधतो. त्या माळावरच्या धाकट्या भावानं ते करून घेतलं. थोरला नको म्हणाला, त्याला करमणुकीचे व्हिडिओही त्यातच लागतात. ठीक आहे, तो त्याचा अधिकार आहे. पण त्याला बॅग देताना मी आता विचारतो, रानात टाच किती रुतते?

आपल्याकडं शेवटची विनंती. १५ जुलैपर्यंत सोयाबीनची पेरणी चालते. तोपर्यंत दर बुधवारी आणि शनिवारी आपल्या पहिल्या पानावर विद्यापीठाचा सल्ला जिल्हावार छापावा, आणि तुरळक, काही, बऱ्याच म्हणजे किती टक्के ते शेजारच्या चौकटीत कायम द्यावं. छोट्या टायपात चालेल, जागा दोन बोटं पुरेल. कात्रण काढून मी दुकानात लावेन, आणि आमच्या भागातल्या इतर कृषी सेवा केंद्रवाल्यांनाही लावायला सांगेन.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक,
निलंगा तालुका, जि. लातूर